आठवणींची दुसरी प्रत

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या त्या घरात आजोबा सकाळपासून खट्टू होते. नातवाने आणलेली बॅकअपची पेटी काही केल्या वाय-फायवर दिसेना.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले, तेव्हा या घराची मागची भिंत कोसळली आणि आजींच्या लग्नाचे फोटो मातीला मिळाले. उरलेले फोटो आता लॅपटॉपमध्ये होते. ते तरी जपायचे होते.

शेवटी सूनबाईंनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली.

"बाबा, हिच्यात वाय-फाय नाहीच मुळी! तारेने राउटरला जोडायची. मग आपले फोन, लॅपटॉप वाय-फायवरूनच हिच्यापर्यंत पोचतील."

केबल खोचताच हिरवा दिवा लुकलुकला. थोड्या वेळाने पडद्यावर पेटीचे नाव उमटले. पहिली प्रत निघायला अख्खी रात्र लागली. पुढे रोज फक्त नव्या फोटोंचीच भर पडणार होती.

"झालं आजोबा, आता काळजी मिटली!" नातू म्हणाला.

आजोबा मागच्या भिंतीकडे पाहत राहिले.

"बाळा, पेटी आणि लॅपटॉप, दोन्ही याच छपराखाली ना? एक प्रत नागपूरला आत्याकडे पाठव. मग मिटली म्हण."