पेनिन्सुलाची खोली आणि मिठाईवाल्यांची बोट

हाँगकाँगच्या विमानतळावरून ए-२१ क्रमांकाची दुमजली बस पकडून, नेथन रोडवर उतरून, चाकांच्या बॅगा फुटपाथवर खडखडवत पेनिन्सुला हॉटेलात शिरणारे पाहुणे फार नसावेत. तिथे लोक रोल्स-रॉइसमधून येतात. हॉटेलच्याच गाड्या, सगळ्या एकाच गडद हिरव्या रंगाच्या, कारंज्यापुढे उभ्या असतात. विमानतळावर गाडी पाठवू का, असं हॉटेलने आधी विचारलं होतं. ताईने भाड्याचा आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाली, "राहायला पैसे देऊ. पोचायला कशाला?"

ताई राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाली. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या नोटा मोजण्यात गेली, आता एकदा स्वतःच्या मोजून उधळायच्या, हा हट्ट तिचा. हॉटेल निवडलं मी. या शहराच्या पायात मुंबईचा पैसा किती मुरलाय हे बरीच वर्षं वाचत आलो होतो. ते बघायचं तर पेनिन्सुलापासूनच सुरुवात करावी, असा माझा हिशेब.

दारावर पांढऱ्याशुभ्र गणवेशातली, डोक्यावर चपटी गोल टोपी घातलेली पोरं. काचेच्या दोन्ही दारांवर चिनी द्वारपाल रेखलेले आहेत, दाढीवाले आणि शस्त्रधारी. "जय-विजय इथेही आहेत," म्हणत ताईने त्यांना मानेनेच नमस्कार केला आणि आत गेली. बसमधून आलो म्हणून पोरांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. उलट बॅगा अशा अदबीने उचलल्या की मलाच त्यांच्या फाटक्या पट्ट्याची लाज वाटली.

खोलीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मऊ गाद्या आणि संगमरवरी न्हाणीघर कुठल्याही महागड्या हॉटेलात असतंच. इथली वेगळी गोष्ट म्हणजे भिंतीतला एक कप्पा. त्याला आतून आणि बाहेरून अशी दोन दारं. बूट पॉलिशला टाका किंवा कपडे इस्त्रीला ठेवा, बाहेरचा माणूस बाहेरूनच घेऊन जातो आणि काम झालं की ठेवून जातो. तुमची त्याची गाठ पडत नाही. टेबलाच्या खणात नेलपॉलिश वाळवायचं यंत्रसुद्धा आहे. ताईने त्यात दोन्ही हात घालून पाहिले, नखांना काही लावलेलं नसताना. मग किटली चालू केली आणि घरून आणलेल्या पुडीतला चहाचा मसाला बाहेर काढला. माझ्या मते पंचतारांकित चैन म्हणजे सोनं-चांदी नव्हे. काम करणारा माणूस दिसूच नये, ही ती चैन. हे सुखाचं आहे की नाही, ते मला तिथे राहून झाल्यावरही ठरवता आलेलं नाही.

हॉटेल उघडलं ११ डिसेंबर १९२८ रोजी. तेव्हा ते अगदी पाण्याच्या काठावर होतं आणि समोरच रेल्वे स्टेशन होतं. तिथून निघालेला माणूस चीन, सैबेरिया ओलांडत गाड्या बदलत युरोपात पोचू शके. स्टेशन १९७८ साली पाडलं. त्याचा ४४ मीटर उंच, लाल विटांचा घड्याळाचा मनोरा तेवढा उरलाय. पुढे समोर अंतराळ संग्रहालयाचा पांढरा घुमट आला आणि जुन्या इमारतीपुढचं पाणी झाकलं गेलं. १९९४ साली तीस मजली नवा मनोरा उभा राहिला तेव्हा हॉटेलला खाडी पुन्हा दिसली. खोली घ्यायची तर याच मनोऱ्यातली.

जुन्या भागाचा सगळ्यात काळा दिवस २५ डिसेंबर १९४१. जपानी फौजांपुढे गव्हर्नर मार्क यंग यांनी याच हॉटेलात, मेणबत्तीच्या उजेडात शरणागती दिली. हाँगकाँगच्या त्या लढाईत ५/७ राजपूत आणि २/१४ पंजाब या आपल्याकडच्या दोन पलटणीही होत्या. पुढे जपान्यांनी हॉटेलचं नाव बदलून तोआ केलं. आज त्याच इमारतीत दुपारी वादक सज्ज्यात बसून वाजवतात आणि खाली चांदीच्या किटलीतून चहा ओततात. बाहेरचे लोक त्या चहासाठी रांग लावतात, पाहुण्यांना जागा राखून ठेवता येते. ताईने शाकाहारी तिमजली ताट मागवलं. काकडीचं सँडविच तिला 'आजाऱ्याचं' वाटलं, स्कोन आणि घट्ट साय मात्र फार आवडली. चहा पाणचट, हा निकाल तिने मराठीत आणि हसतमुखाने दिला.

हॉटेल कदूरी घराण्याचं. मूळ बगदादचे ज्यू. एली कदूरी १८८० साली मुंबईमार्गे हाँगकाँगला आले ते ससून घराण्याच्या पेढीत कारकुनी करायला. ससून म्हटलं की पुणेकराला दवाखाना आठवतो आणि मुंबईकराला मासळीची गोदी. डेव्हिड ससूनची कबर पुण्यात, लाल देवळाच्या आवारात आहे. त्यांचा नातू जेकब याने मुंबईत काळा घोड्याजवळ आज निळं-पांढरं दिसणारं सिनेगॉग बांधलं, आणि त्याने भावांसह आईच्या स्मरणार्थ हाँगकाँगच्या चढावर ओहेल लेया हे दुसरं बांधलं, १९०२ मध्ये. या सगळ्या दानधर्मामागचा पैसा बऱ्याच अंशी अफूचा. माळव्यात पिकायची, मुंबई बंदरातून जहाजात चढायची आणि चीनच्या किनाऱ्यावर उतरायची. ती चीनने अडवली म्हणून इंग्रजांनी युद्ध केलं आणि १८४२ च्या तहात हे बेट पदरात पाडून घेतलं. ससून, जमशेटजी जीजीभाई, कितीतरी पारशी पेढ्या, सगळ्यांचे हात त्यात होते. आपल्याकडच्या दवाखान्यांच्या कोनशिला वाचताना हे कोणी सांगत नाही. हाँगकाँगही सांगत नाही. दोन्ही बंदरांनी आपापला भूतकाळ चांगला धुऊन, इस्त्री करून ठेवलाय.

मग रविवारी सकाळी स्टार फेरी. हॉटेलपासून चालत पाच मिनिटांवर धक्का. रविवारी वरच्या मजल्याचं तिकीट साडेसहा हाँगकाँग डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण सत्तर रुपये. ऑक्टोपस कार्ड टेकवलं की फिरतं दार उघडतं. ही सेवा दोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईच्या पारशाने सुरू केली. मुंबईहून जहाजात लपून निघाला, वाटेत सापडला आणि त्याला स्वयंपाकघरात जुंपलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे बेकरी, हॉटेलं, आणि माणसं खाडीपार न्यायला बोटी. १८८८ मध्ये कंपनी काढली, दहा वर्षांनी विकली. तेव्हाच तिला स्टार फेरी हे नाव मिळालं. आजही प्रत्येक बोटीच्या नावात तारा असतोच: मॉर्निंग स्टार, सेलेस्टियल स्टार, ट्विंकलिंग स्टार. लाकडी बाकांच्या पाठीवर भोकांनी काढलेल्या चांदण्या आहेत. पाठ इकडची तिकडे उलटली की बोट न वळता माणसं वळतात. निळ्या खलाशी वेषातला म्हातारा लांब आकडीने दोर ओढून खुंटाला टाकतो.

हा प्रवास दहा मिनिटांचाही नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलेल्या माणसाला त्यात विशेष काय, असं वाटेल. विशेष आहे ते हे: जगातल्या अतिमहागड्या जमिनीच्या दोन तुकड्यांमधलं पाणी कोणालाही इतक्या स्वस्तात ओलांडता येतं, आणि लोकांना ते आपल्या हक्काचं वाटतं. १९६६ साली पहिल्या वर्गाचं भाडं पाच सेंटांनी वाढवायचं ठरलं तर उपोषण झालं, आणि त्यातून दंगल उसळली. पाच सेंटांसाठी! ताईला हे फार पटलं. "दर वाढवताना गिऱ्हाईक बघावं लागतं," एवढंच बोलली.

पलीकडे उतरल्यावर तिला हाँगकाँग बँकेचे सिंह बघायचे होते. स्टीफन आणि स्टिट, १९३५ पासून दारात बसलेले, युद्धातल्या गोळ्यांच्या खुणा अंगावर वागवणारे. १८६५ मध्ये ही बँक निघाली तेव्हा तिच्या उभारणीत पारशी आणि बगदादी व्यापारी होते. नॉर्मन फॉस्टरने आखलेली सध्याची इमारत जमिनीपासून अधांतरी उचललेली आहे, खालून रस्त्यावरची माणसं आरपार जातात. आणि रविवारी तिथे बायकाच बायका. पुठ्ठ्याची खोकी उलगडून जमिनीवर अंथरलेली, कडेला पुठ्ठ्याच्याच बुटक्या भिंती, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. पत्ते, डब्यातला भात, कोणी केस विंचरतंय, कोणी गावी पाठवायचं खोकं चिकटपट्टीने बांधतंय. हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून जास्त परदेशी घरकामगार आहेत, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. मालकाच्याच घरी राहायचं अशी कायद्याची अट आहे. आठवड्याची सुट्टी मिळते, पण ती घालवायला स्वतःची खोली नसते. मग बँकेचं पोट हीच बैठकीची खोली.

ताई एका घोळक्याजवळ रेंगाळली. त्यांनी सरकून पुठ्ठ्यावर जागा दिली, तशी चपला काढून बसली. मोडक्या इंग्रजीत तिने विचारलेला पहिला प्रश्न असा: घरी पैसे पाठवायला दर काय पडतो? त्या बायकांनी चार ठिकाणचे दर आणि कमिशन तोंडपाठ सांगितले. ताई आदराने ऐकत होती. नंतर म्हणाली, "आमच्या परकीय चलन विभागात अशी एक जरी असती!" आदल्या रात्री भिंतीतल्या कप्प्यामागे जी माणसं दिसली नव्हती, ती इथे दिवसाउजेडी भेटली असं मला वाटलं. ते मी ताईला बोललो नाही. तिला असली वाक्यं खपत नाहीत.

दुपारी डिंगडिंग वाजणाऱ्या ट्रामने हॅपी व्हॅलीला गेलो. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासमोर एका ओळीत दफनभूमी आहेत. त्यांतली पारशांची १८५२ ची. दख्मा, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवायचा मनोरा, नसल्याने इथे पारशांना पुरतात. आम्ही बाहेरूनच पाहिली. याच समाजातले होर्मुसजी मोदी मुंबईहून आले, अफूच्या धंद्यात कमावलं आणि हाँगकाँग विद्यापीठ उभारायला दीड लाख डॉलर दिले. आमच्या हॉटेलच्याच भागात, चिम शा चुईत, त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

पीक या डोंगरावर चढणाऱ्या पीक ट्रामबद्दल एवढंच: १८८८ ची आहे, चढ जबरदस्त आहे, रांग त्याहून जबरदस्त. १९०४ च्या कायद्याने या डोंगरावर चिनी माणसाला राहायला बंदी होती. वर आता मॉल आहे. ढग आले की पैसे वाया.

रात्रीचं जेवण मात्र झकास. पेनिन्सुलापासून नेथन रोडवर थोडंसं चाललं की चुंगकिंग मॅन्शन्स, १९६१ ची सतरा मजली इमारत, चिंचोळ्या लिफ्टांची. दारातच "कॉपी वॉच, भाईसाब?" आत पंजाबी, नेपाळी, पाकिस्तानी, आफ्रिकी, सगळं जग मोबाइल, सामोसे आणि चलनाचे दर विकतंय. ताईने तळमजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांचे दर वाचून काढले आणि निष्कर्ष जाहीर केला: दारापाशी सगळ्यात वाईट, आत जावं तसा बरा. वरच्या एका खानावळीत गरम पोळ्या, डाळ आणि कच्चा कांदा मिळाला. बिल हॉटेलातल्या एका कॉफीपेक्षा कमी.

तुम्ही जाणार असाल तर माझा सल्ला असा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी, ती फुकट आहे आणि एका खेपेला चौदा दिवस राहता येतं. पेनिन्सुलात परवडत असेल तर एकच रात्र राहा, खाडीकडची खोली मागा आणि दुसऱ्या दिवशी साध्या हॉटेलात मुक्काम हलवा. वाचलेल्या पैशांत फेरीच्या हव्या तेवढ्या खेपा करा, निदान एक रविवारी. आणि पीकला जाण्याआधी आभाळ बघा.