उसना समुद्र

समुद्र आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. दादरच्या चौपाटीवर उभे राहून तो हवा तेवढा पाहावा, त्याला दाम पडत नाही. असे असूनही २०१६ सालापासून मी समुद्र विकत आणतो आहे. तो पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बादलीत बंद होऊन येतो. आणि त्या बादलीचे बिल दिसले की सौ. एकच उद्गार काढते, "वेंगुर्ल्याच्या माणसाने मुंबईत येऊन काजू विकत घ्यावेत, तशातली गत!"

तिचे म्हणणे खोटे नाही. पण शहाणपणाने धरता आला असता, तर त्याला छंद कोणी म्हटले असते?

या छंदाचे मूळ आहे तारापोरवाला मत्स्यालयात. मरीन ड्राइव्हवरचे हे मत्स्यालय १९५१ साली उघडले. मी ते पाहिले १९७० नंतर केव्हातरी, वडिलांचे बोट धरून. एका काचेमागे ताटलीएवढा मासा संथपणे फिरत होता. निळ्या अंगावर पिवळ्या रेघा, डोळ्यांवरून गेलेली काळी पट्टी. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आमच्या घरात मासा म्हणजे ताटात पडणारी वस्तू. वडीलही क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "हो खावचो मासो न्हंय रे, बघूचो मासो."

तो सागरी एंजलफिश होता. घरोघरी गोड्या पाण्याच्या टाकीत दिसणारा त्रिकोणी एंजल निराळा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. हे सागरी देवदूत प्रवाळाच्या खडकांत राहतात. त्यांच्या सुमारे ९० जाती आहेत आणि प्रत्येकाच्या गालाशी एक काटा असतो. देवदूताला काटा कशाला, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, एवढे रूप दिल्यावर देवाने थोडी काळजीही घेतली असावी.

निवृत्तीनंतर चार फुटांची काचेची टाकी घरात आली. तीत सुमारे ३०० लिटर पाणी मावते. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पहिल्याच दिवशी साडेदहा किलो मीठ लागले. हे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी कितीतरी द्रव्ये प्रमाणात असावी लागतात. चौपाटीचे पाणी का नाही, असे पाहुणे विचारतात. शहराने त्या पाण्यात काय काय सोडले आहे, हे ठाऊक असलेला मुंबईकरच तसे विचारतो, याचे मला नवल वाटते.

पाणी झाले तरी समुद्र होत नाही. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, आणि बंद टाकीत तेच त्याचे विष ठरते. खडकावर आणि वाळूत दोन प्रकारचे जीवाणू रुजावे लागतात: एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस मी रिकाम्या टाकीसमोर बसून होतो आणि घरातली मंडळी माझ्याकडे पाहत होती. मेमधल्या उकाड्यात पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला थंड करणारे यंत्र आले. खडक मात्र भाजलेल्या मातीचा. खरे दगडी प्रवाळ आपल्या समुद्रातून काढायला बंदी आहे. २००१ साली त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली, आणि ते योग्यच झाले.

दोन वर्षे दोन क्लाऊनफिश आनंदाने नांदले. तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका दुकानात मला रीगल एंजल दिसला. नारिंगी-पिवळ्या अंगावर निळ्या कडांचे पांढरे पट्टे, जणू पैठणीचे काठ उभे लावले आहेत! तो पाळायला फार कठीण, हे मी वाचले होते. प्रवाळाच्या कपारीत वाढणारे स्पंज आणि तसलेच चिकटून राहणारे जीव हे त्याचे अन्न. बंदिवासात पुष्कळ रीगल काही खातच नाहीत. पण वाचलेले शहाणपण आणि समोर दिसणारे रूप यांत कोण जिंकते, हे मी वाचकांना सांगायला नको.

त्याच महिन्यात आई आमच्याकडे राहायला आली. वडील एप्रिलमध्ये गेले. वेंगुर्ल्याच्या घरात एकटी कशी ठेवायची, म्हणून मीच हट्टाने तिला घेऊन आलो. तिला खिडकीची स्वतंत्र खोली दिली, नवा पलंग दिला, दूरदर्शन संच दिला. मासळी तर रोज. पण आई दोन घास खाई आणि ताट सरकवी. "भूक नाय रे," एवढेच म्हणे. डॉक्टरांनी तपासले, रक्त तपासले. सारे ठीक होते.

नव्या माशालाही मी स्वतंत्र खोली दिली होती. बाहेरून आलेल्या माशाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येऊ शकतो. त्यावरचे तांब्याचे औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही, कारण गोगलगायींसारखे जीव त्याने मरतात. म्हणून पाहुण्याला काही आठवडे वेगळ्या, उघड्याबोडक्या टाकीत ठेवायचे. लपायला नळाच्या दुकानातला प्लास्टिकचा बाक. मी कोळंबीचा कीस घातला, गोठवलेले किडे घातले, समुद्रशेवाळाचा तुकडा बांधला. तो त्या नळात बसून राहिला. सारे नियम पाळले होते. फक्त तो जेवत नव्हता.

अकराव्या दिवशी आई माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ त्याच्याकडे पाहून तिने विचारले, "काय खाता तो थंय, तेच्या घराक?"

मी स्पंजाचे सांगितले.

"ता हांगा गावना नाय मा?"

"नाही."

"मगे तिसरी दी तेका. उघडून तशीच ठेय. येतलो चोखूक."

पुढे कळले की जाणकारही हाच उपाय करतात. आईने ते कुठे वाचले नव्हते. खाडीत भरतीबरोबर येऊन उघड्या शिंपल्यांना टोचे मारणारे मासे तिने लहानपणापासून पाहिले होते. दुसऱ्या सकाळी ती स्वतः सौ.बरोबर बाजारात गेली, कोळणीशी घासाघीस करून तिसऱ्यांचा वाटा घेतला, आणि मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा विळीवर बसली. अर्धी शिंपी तळाशी ठेवली. तासाभराने मासा नळातून बाहेर आला, तिच्याभोवती दोनदा फिरला आणि एक टोचा मारला. आम्ही तिघे लहान मुलांसारखे ओरडलो. उरलेल्या तिसऱ्यांचे सुके झाले आणि त्या दिवशी आई पोटभर जेवली.

पण एका टोच्याने पोट भरत नाही. रोज ताजी तिसरी ठेवत होतो; तो कधी टोचे, कधी पाठ फिरवी. त्याचे पोट खपाटीला गेले, डोक्यामागे खळगा दिसू लागला. काही ठिकाणी असे मासे सायनाइडची फवारणी करून, गुंगवून पकडतात. ते दिसायला धड असतात आणि काही आठवड्यांनी मरतात. त्या विषाने आसपासचे प्रवाळही मरतात. माझा मासा तसा पकडलेला होता की उपाशी मेला, हे मला कधीच कळणार नाही. मी दुकानदाराला तो कुठून आला हे विचारले नव्हते, एवढे मात्र पक्के ठाऊक आहे. सत्ताविसाव्या सकाळी तो नळाशेजारी आडवा पडला होता. रंग अजून तसाच होता.

आईने पदराला हात पुसले. "थंयचा ता थंयच बरा," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. त्या सकाळीही तिने ताट सरकवले.

ती माशाविषयीच बोलली होती; टोमणा मारण्याचा तिचा स्वभाव नव्हे. पण मी दिवसभर त्या रिकाम्या नळाकडे पाहत राहिलो. पाणी मोजून दिले होते, उष्णता मोजून दिली होती, अन्न समोर ठेवले होते. त्याला काय हवे, ते सोडून सारे दिले होते.

डिसेंबरात मी आईला वेंगुर्ल्याला पोचवले. लोकांनी नावे ठेवली. म्हातारीला एकटी टाकली, असे माझ्या बहिणीनेही तोंडावर सांगितले. शेजारची सून सकाळ-संध्याकाळ डोकावेल, मी दर दोन महिन्यांनी जाईन, अशी व्यवस्था केली तरी माझेही मन खातच होते. पण त्या रात्री चुलीजवळ बसून आईने दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि मला जे पाहायचे होते ते मी पाहिले.

२०१९ साली मी पुन्हा एक देवदूत आणला. हा कोरल ब्युटी: जांभळ्या अंगाचा, पोटाशी नारिंगी, माझ्या मधल्या बोटाएवढा. दुकानदाराला तो कुठला ते विचारले, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो खाताना पाहिल्यावरच पैसे मोजले. तोवर खडकावर शेवाळाचे बारीक थर धरले होते. दिवसभर तो ते खुडत हिंडतो. रूपाने तो रीगलच्या पासंगालाही लागत नाही. पण मी देऊ शकतो ते त्याला पुरते. या जातीत सारे मादी म्हणूनच वाढतात आणि कळपातली थोरली पुढे नर होते. तेव्हा आमचा 'तो' खरे म्हणजे 'ती' असावी.

पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. म्हणून रोज सकाळी तांब्याने गोडे पाणी घालतो. आठवड्याला ३० लिटर पाणी बदलतो, त्याला किलोभर मीठ लागते. दिवे गेले तर बॅटरीवरचा पंप लावायला मध्यरात्री उठतो. सौ. आता बिलावर बोलत नाही; मी गावी गेलो की तांब्या तीच उचलते.

आईला यंदा शहाऐंशी पुरी झाली. दर रविवारी फोन येतो. आधी पाऊस, मग आंबा-काजूचा मोहर, मग शेजारपाजार. आणि शेवटी न चुकता एक प्रश्न.

"तुझो मासो जेवता मा?"

"जेवता," मी म्हणतो. "आणि तू?"