सावरगावचे दगड

परवा सावरगावहून ताईचा फोन आला. भाचा दहावी पास झाला आणि अकरावीला काय घ्यायचं यावरून घरात वाद चाललाय. भावोजी म्हणतात, गणित घे. हा म्हणतो, बायो घेऊन समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणार. "हे खूळ तुझ्याकडे येऊन लागलं," ताई म्हणाली.

सावरगाव मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याला अगदी लागून. (पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला.) घरात मराठी, शाळेत हिंदी आणि शिवारात संत्री. दोन्हींच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात, तीच ती गोटमार. समुद्र मात्र कुठल्याच बाजूला नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात भाचा आमच्याकडे आला होता. ओहोटीला त्याला हणजुण्याच्या खडकांवर नेलं. मी लहानपणापासून तिथे जायचो ते शिनाणे काढायला, माझं सागरविज्ञान तेवढंच. हा मात्र एकेक दगड उचलून खालचे खेकडे, शंखवाले जीव बघायचा आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. मी विचारलं, असं का रे? म्हणाला, "मामा, उलटा ठेवला तं ते उन्हानं मरतात ना. जाममधी पाह्यलं मी."

मला माझीच लाज वाटली. ज्या गावचं नाव दगड मारण्यासाठी पेपरात येतं, तिथल्या पोराला दगडाखाली कोण राहतं याची काळजी. आणि आमच्या दारात खाजन, मानस, भरती-ओहोटी सगळं असून गणित जमेना म्हणून मी आर्ट्सला गेलो आणि पुढे कारकून झालो. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ची. तिच्यासमोरून किती वेळा गेलो असेन, पण आत जायला काय शिकावं लागतं, हे कधी विचारलं नाही.

ताईला म्हटलं, त्या संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. कासिम अलाहाबादचे. तिथे तरी कुठे समुद्र? ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली, तिचे नेते तेच.

मग भाच्याशी बोललो. बायो घे, पण गणित सोडू नकोस. मासे मोजायचे म्हणजे संख्याशास्त्र आलंच, आणि पाण्यातला क्षार, प्राणवायू समजायला केमिस्ट्री हवी. इंग्रजी वाचायची सवय कर, पोहायला शीक. प्राणिशास्त्रात बी.एससी. कर. पुढे सागरविज्ञानाचं एम.एससी. गोवा विद्यापीठातही आहे. नोकऱ्या थोड्या आहेत, हेही लपवलं नाही. आणि आजपासून जामची वही घाल. एकाच जागी, ठरल्या वेळी पाणी किती, तापमान किती, दगडाखाली काय सापडलं, सगळं लिही. नदी आटली तर तेही लिही. तिचं पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरालाच मिळतं.

इतक्यात भावोजींनी फोन घेतला. "सगळं खरं, पण नोकरी नाही लागली तर?"

काय सांगणार? म्हटलं, "भावोजी, मला लागली. वीस वर्षं झाली. पण एनआयओवरून जाताना अजून मान वळते."

भावोजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "थर्मामीटर कुठं मिळते, तेवढं सांगा."