एक सूत खाली

तंगुसाची, म्हणजे गळाच्या दोऱ्याची, जाडी डबीवर वाचायची नसते, हातानं मोजायची असते, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना आमच्या शॉपमधली सगळी माणसं मामा म्हणायची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर त्यांची उभी हयात गेली. गारगोटीकडच्या खेड्यातून आयटीआय करून मी त्यांच्या हाताखाली अप्रेंटिस लागलो, तेव्हा ते निवृत्तीला आले होते. मायक्रोमीटर कसा धरायचा, रॅचेट किती फिरवायचं, कुठं थांबायचं, ही माझ्या पोटापाण्याची विद्या त्यांनीच दिली. ते ऋण उघड आहे आणि मी ते चारचौघांत सांगतो. दुसरं एक ऋण आहे, ते सांगायची वेळ सहसा येत नाही. पंचगंगेवर जाताना काठीच्या रिळावर कोणता दोरा भरायचा, हे ठरवायची अक्कलही मला त्यांच्याकडूनच मिळाली.

ज्यांनी कधी गळ टाकला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या स्पिनिंग रिळात दोऱ्याचं रीळ स्थिर असतं आणि दोरा कडेवरून सुटत जातो. बेटकास्टिंगमध्ये आमिष फेकलं की रीळ स्वतः गरगर फिरतं, आणि त्यावर अंगठा ठेवून त्याचा वेग राखावा लागतो. आमिष हवेत मंदावलं आणि रीळ मात्र त्याच वेगानं फिरत राहिलं, की सुटलेला दोरा जागेवरच साठतो आणि मोठा गुंता होतो. काठी मिडियम पॉवरची असेल तर ती साधारण 7 ते 18 ग्रॅमचं आमिष नीट फेकते. नायलॉनचा विचार केला तर 8 ते 15 पौंडांच्या दरम्यानचा दोरा तिला मानवतो. पण प्रत्यक्ष कुठला घ्यायचा, या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांत नसतं.

मामा स्वतः वेळूच्या काठीवर आणि हातदोरीवर वाढलेले. शुक्रवार पेठेत घर, पंचगंगा घाट हाकेच्या अंतरावर. माझं नवं बेटकास्टिंगचं रीळ मी त्यांना दाखवायला नेलं, तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण रोज सकाळी शॉपमध्ये येऊन बसायचे. त्यांनी बाकावर पांढरं फडकं अंथरलं, रीळ उघडलं, प्रत्येक भाग काढून ओळीनं मांडला. बेअरिंग नखावर फिरवून कानाशी नेलं. मी त्यांना सांगितलं की या जातीचं रीळ 19व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं केलं. मामा म्हणाले, "घड्याळजीच असणार. सुताराच्या हातनं ह्ये हुयाचं न्हाई." कुणी न शिकवता यंत्र समजून घेणाऱ्या माणसांबद्दल त्यांना फार आदर होता. अशांपैकीच एक म्हादबा मेस्त्री; त्यांचं नाव निघालं की ते हातातलं काम ठेवून बोलायचे.

मग दोऱ्याची पाळी आली. माझ्याकडं तीन-चार डब्या होत्या, सगळ्यांवर 12 पौंड छापलेलं. मामांनी मायक्रोमीटर काढला. नायलॉन दाबला की चपटा होतो, म्हणून रॅचेटचा फक्त एक टिचका. एक दोरा भरला 0.33 मिलिमीटर, दुसरा 0.36, तिसरा 0.30च्याही आत. ते डब्या उलटसुलट करून बघत राहिले.

"ह्यो बी बाराचा, त्यो बी बाराचा. आणि जाडी तिघांची तीन. मग बारा म्हंजे काय रं?"

उत्तर मिळवायला त्यांनी ताणकाटा आणला. दोऱ्याचं एक टोक बाकाच्या शिकंज्यात एका खुंटीला गुंडाळून आवळलं, दुसरं काट्याच्या आकड्याला, आणि हळूहळू ओढत नेलं. 12 पौंड म्हणजे साडेपाच किलोला थोडं कमी. जाडा दोरा त्याच्या कितीतरी वर जाऊन तुटला. बारीक दोरा छापलेल्या आकड्याच्या आसपासच गेला. मग त्यांनी तेच दोरे रात्रभर बादलीत भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढले. नायलॉन पाणी पितं, आणि पाणी प्यालेलं नायलॉन कोरड्यापेक्षा लवकर तुटतं. शेवटी गाठ मारून ओढलं. तेव्हा दिसलं की सरळ दोरा बहुतेक वेळा तुटतच नाही, तुटते ती गाठ. त्यातही कोरडीच आवळलेली गाठ आधी जाते, कारण आवळताना घर्षणानं दोरा तापतो आणि तिथंच कमजोर होतो. थुंकीनं ओली करून सावकाश आवळलेली गाठ बराच जास्त भार घेते. मामा म्हणाले, "डबीवर लिवलेलं दुकानदारासाठी. तुझ्यासाठी तुझी गाठ."

आजवर दोऱ्याविषयी मी बरंच वाचलं, पण इतकं मोलाचं वाक्य मला कुठं सापडलं नाही. पौंडाचा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं छापते. जाडी मात्र खोटं बोलत नाही. रिळावर किती मीटर बसणार, आमिष किती लांब जाणार, अंगठ्याखाली दोरा कसा लागणार, हे सगळं जाडीवर ठरतं. मिडियम काठीच्या रिळावर नायलॉन असेल तर 0.30 ते 0.35 मिलिमीटर ही माझी मर्यादा त्या बाकावर ठरली. त्याहून जाड घेतला तर 7 ग्रॅमचं आमिष जवळच पडतं.

विणीच्या, म्हणजे ब्रेडेड, दोऱ्यानं मामांना जरा कोड्यात टाकलं. तो मायक्रोमीटरमध्ये चपटा होतो आणि माप खरं येत नाही. त्यांनी ड्रिलच्या दांड्यावर त्याचे वीस वेढे एकाला एक चिकटून घेतले, रुंदी व्हर्नियरनं मोजली आणि विसानं भागली. 30 पौंडांचा विणीचा दोरा 0.28 मिलिमीटरच्या आसपास निघाला, म्हणजे साधारण 8 पौंडी नायलॉनएवढा. हा दोरा पॉलिएथिलीनचा. त्याचे अतिबळकट तंतू ओढण्याची युक्ती हॉलंडच्या डीएसएम कंपनीच्या प्रयोगशाळेत 1970च्या दशकाच्या अखेरीस सापडली. तो पाण्यावर तरंगतो, ताणला जात नाही, आणि माशाचा हलका स्पर्शही थेट बोटात आणून देतो. म्हणून पुष्कळ जण ताकद भरपूर आहे या हिशेबानं 10 किंवा 15 पौंडांचा विणीचा दोरा बेटकास्टिंगवर भरतात. तो इतका बारीक असतो की जोराचा हिसका बसला की खालच्या वेढ्यांत रुततो, आणि पुढच्या फेकीला रीळ जागेवर अडतं. या काठीवर विणीचा दोरा हवाच असेल तर 30च्या खाली जाऊ नये. खाली थोडा नायलॉन भरून मगच तो गुंडाळावा, नाहीतर गुळगुळीत रिळावर सगळा दोरा एकगठ्ठा घसरत फिरतो.

फ्लोरोकार्बनच्या दोऱ्याची गोष्ट वेगळी. जपानच्या कुरेहा कंपनीनं 1971 साली तो मासेमारीसाठी आणला. नायलॉनच्या जवळजवळ दीडपट जड, म्हणून बुडतो. प्रकाश वाकवण्याची त्याची रीत पाण्याच्या जवळची, म्हणून पाण्यात कमी दिसतो. पण तो ताठ असतो, आणि नवख्या अंगठ्याखाली रिळावरून उसळून बाहेर येतो. अख्खं रीळ त्यानं भरण्यापेक्षा गळाजवळचा हात-दीड हाताचा पुढारी दोरा म्हणून तो जास्त कामाचा, हे माझं मत आहे.

आता पाण्याकडं येतो, कारण मामांचा खरा धडा तिथं होता. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी एक होऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा म्हणून वाहू लागतं. तिच्या काठाला काळ्या दगडाच्या धारदार कपारी आहेत. पुढं बंधारे येतात. दगडी खांब, खांबांत खोबणी, पावसाळा सरला की त्यात बरगे बसवायचे आणि पावसाआधी काढायचे. ज्याला साऱ्या देशात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, तोच हा. खांबाच्या कडेवर ताणलेला विणीचा दोरा घासला की क्षणात जातो. नायलॉन चरे सोसतो, आणि ताणला जात असल्यामुळं अचानकचा हिसका पोटात घेतो. मामा ते तालमीच्या भाषेत सांगायचे. पैलवान समोरच्याचा जोर आधी अंगावर घेतो आणि मग त्याला उलटवतो, तसा नायलॉन. खांबांजवळ आणि कपारींत त्यांनी मला दुसरा दोरा कधी लावू दिला नाही. प्रत्येक मासा निघाल्यावर शेवटचा हातभर दोरा ओठांतून ओढून बघायचा. खरखर लागली की तेवढा कापून टाकायचा.

जलपर्णीतली मरळ हा त्याला अपवाद. ती आमिष घेते आणि मुळांत शिरते. तिथं ताणला जाणारा दोरा म्हणजे मासा गेलाच. तिथं विणीचाच लागतो, आणि जलपर्णी दाट असेल तर मिडियम काठी घरी ठेवून त्याहून ताठ काठी न्यावी. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणातल्या खाडीवर जिताड्यासाठी, तांबोशीसाठी जायचं असेल तर तीस पौंडी विणीचा दोरा आणि पुढं जाड फ्लोरोकार्बन, कारण तिथल्या दगडांवर कालवं असतात आणि त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या चालतात. राधानगरीकडं मात्र मामा जाऊ द्यायचे नाहीत. तो अभयारण्याचा भाग, तिथं गळ टाकायचा नाही, एवढंच सांगायचे.

रिळात दोरा किती भरायचा, हे त्यांनी चार शब्दांत सांगितलं होतं: "कडंच्या एक सूत खाली." उद्यमनगरात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. परदेशी रिळांच्या माहितीपत्रकात नेमकं हेच माप दिलेलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याहून जास्त भरला तर वेढे सैल पडून गुंता होतो. कमी भरला तर रीळ नको तितकं गरगरतं आणि फेक आखूड पडते. मामांनी ते माहितीपत्रक कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी रीळ हातात घेऊन चार-सहा वेळा फिरवलं होतं, एवढंच.

हे सारं त्यांना कुठून आलं, ते त्यांनी एकदा घाटाच्या पायरीवर बसून सांगितलं. त्यांच्या लहानपणी नदीवर एक म्हातारे भोई होते. तेव्हा नायलॉन गरिबाच्या हाताला लागलं नव्हतं. ड्यू पाँट कंपनीनं ते 1938 साली जाहीर केलं खरं, पण घाटावर पोचायला त्याला खूप वर्षं लागली. भोईबाबा सुताची दोरी वळायचे आणि कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवायचे. दोरी बोटांतून फिरवून ती कुठं कच्ची आहे ते अंधारातही सांगायचे. पोरसवदा मामांना त्यांनी शेजारी बसवून घेतलं, काही न मागता शिकवलं. मामा कमावते झाल्यावर दर दिवाळीला त्या घरी फराळ आणि नवं कापड घेऊन जायचे. भोईबाबा गेल्यावरही गेले, त्यांचा मुलगा गेल्यावर नातवाकडं गेले. नावेची खीळ तुटली, वजनकाटा बिघडला, तर शॉपमध्ये आणून दुरुस्त करून द्यायचे आणि मजुरी घ्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, मामा, अजून किती फेडणार? ते म्हणाले, "फेडायला कुठं जातोय मी? भेटायला जातोय."

2019च्या ऑगस्टातल्या पुरात चिखली, आंबेवाडी पाण्याखाली गेली, शहरातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर काठच्या झाडांवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, जाळ्यांचे आणि तंगुसाचे गोळे अडकून राहिले होते. मामांनी सत्तरी ओलांडलेली. वेळूच्या टोकाला विळा बांधून त्यांनी ते खाली ओढायला सुरुवात केली. एका गोळ्यात बगळ्याचा पाय अडकला होता, पक्षी मेलेला. त्यांनी तो तंगूस सोडवला, बोटांवर घेतला, म्हणाले, "कुणीतरी तोडून टाकला आसंल. त्याला वाटलं, संपलं." नायलॉन कुजत नाही. भोईबाबांची सुती दोरी नदी पचवायची; हा दोरा नदीला पचत नाही. आधीच तेरवाडसारख्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो, त्या नदीत आपण आणखी काय टाकतो याचा विचार तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी आधी करायला हवा. कमजोर दोरा वापरू नये याचं मामांच्या मते सर्वांत मोठं कारण हेच होतं. तुटलेला दोरा गळासकट माशाच्या तोंडात राहतो आणि उरलेला पाण्यात.

पुढं दोनेक वर्षांत मामा गेले. दिवाळीला त्या भोयांच्या घरी आता मी जातो. नातवाची मुलगी यंदा डिप्लोमाला आहे. मायक्रोमीटर धरायला मी तिला शिकवलं.

माझ्या मिडियम काठीच्या रिळावर आज 0.33 मिलिमीटरचा साधा नायलॉन आहे, कडेच्या एक सूत खाली. पंचगंगेसाठी याहून चांगला दोरा मला मिळालेला नाही, आणि नवी काठी घेणाऱ्यालाही मी हाच सांगतो. घ्यायच्या आधी जाडी मोजून घ्या, डबी उन्हात ठेवू नका, गाठ ओली करून आवळा. आणि घाटावर, रंकाळ्यावर, कुठंही तुटलेला तंगूस दिसला तर तो कुणाचा हे न बघता उचला. पाखरांचे पाय अडकणार नाहीत असे त्याचे बोटभर तुकडे करा, आणि घरी नेऊन कचऱ्यात टाका.