४.२ भागिले ओहम

लेस्टर, २०१९

सोमवार, १६ सप्टेंबर
मेकॅनिकल मॉड म्हणजे पितळेची नळी. आत एक १८६५० सेल, खाली बटन, वर कॉइल. बस्स. नेहमीच्या व्हेपमध्ये चिप असते, शॉर्ट झाला की ती करंट तोडते. इथे चिपही नाही आणि फ्यूजही नाही, त्यामुळे ते काम गिऱ्हाइकानं आधीच कागदावर करायचं. बिलाच्या मागे लिहून देते : ४.२ भागिले कॉइलचे ओहम, उत्तर अँपिअरमध्ये, आणि ते सेलला झेपेल त्याच्या आत हवं. सेलवर ३.७ व्होल्ट छापलेलं असतं म्हणून पोरं ३.७ धरतात. पण चार्जरवरून नुकताच काढलेला सेल ४.२ देतो, आणि पहिला झुरका तेव्हाच मारला जातो.

मंगळवार, १७ सप्टेंबर
एकाला ०.१ ओहमची कॉइल हवी होती, धुराचे लोट काढायला. म्हणजे ४२ अँपिअर. त्याच्या सेलवर ठसठशीत '४० ए'. म्हणाला, "दोनाचाच तर फरक आहे!" दुसऱ्यांचे सेल घेऊन वर आपलं वेष्टन चढवणारे बरेच आहेत, आणि आकडा छापायला काय लागतं? सॅमसंगचा २५आर २० अँपिअरचा, क्षमता २५०० एमएएच. ३०क्यू ३००० चा, पण अँपिअर १५. ३५ई ३५०० चा, तर अँपिअर अवघे ८. जास्त वेळ चालणाऱ्या सेलला सहसा कमी करंट झेपतो. हे सांगून त्याला २६ गेजच्या कँथल तारेच्या दोन कॉइल वळून दिल्या, ३ मिलिमीटरच्या सळईवर सहा-सहा वेढे. दोन्ही समांतर, म्हणून एकीच्या निम्मा रेझिस्टन्स. मीटरवर ०.४१, म्हणजे साधारण १० अँपिअर. तोंड वाकडं करून गेला.

बुधवार, १८ सप्टेंबर
नाशिकहून दादाचा फोन. "तुझा धंदा इकडे आज बंद झाला गं!" मंत्रिमंडळानं ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश मंजूर केलाय, निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं. पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आई मागून म्हणाली, "तिला म्हणावं, दुसरं काही बघ." दादाला म्हटलं, आईला सांग, मी दिवसभर भागाकार शिकवते.

गुरुवार, १९ सप्टेंबर
एक बाई नवऱ्याचे सेल घेऊन आल्या, पर्समध्ये, किल्ल्यांसोबत. आधी ते वेगळे काढले. एकाचं वेष्टन वरच्या कडेला फाटलेलं. सेलचं अख्खं डबडं ऋण असतं, अगदी वरच्या कडेपर्यंत. मधल्या धन टोपीपासून ती कडा जेमतेम एक-दोन मिलिमीटर दूर, मध्ये कागदी चकती आणि हे पातळ प्लास्टिक, एवढंच. किल्ली आडवी पडली की शॉर्ट. जुनं वेष्टन सोललं, चकती बदलली, नवी नळी चढवून हेअर ड्रायरनं आवळली. दोन्ही सेल डबीत घालून दिले. डबीचे पैसे घेतले नाहीत.

शनिवार, २१ सप्टेंबर
हायब्रिड टोपीच्या मॉडला आज गिऱ्हाईक होतं. त्यात अॅटोमायझरची, म्हणजे कॉइल बसते त्या वरच्या भागाची, पिन थेट सेलवर टेकते. पिन आट्यांच्या पुढे आलेली नसेल, तर आटेच ऋण कडेला आणि धन टोपीला एकदम टेकतात. त्याची पिन सपाट होती. दाखवली, म्हणाला, "आजवर काही झालं नाही." गेल्या वर्षी मे महिन्यात फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला असाच मॉड फुटून एक जण गेला, तुकडे डोक्यात घुसले. सेल तापून वायू सोडतो आणि बंद नळीत त्याला वाट मिळाली नाही, तर नळीचाच बाँब होतो. म्हणून बुडाची भोकं बघूनच नळी घ्यावी.

मालकांना सांगितलं, ओहम मीटर घेतल्याशिवाय मेकॅनिकल मॉड विकायचा नाही. ते म्हणाले, "गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल." म्हटलं, जाऊ दे. तिथंही भागाकार तोच आहे.