सिग्नल हिलची मजार

रत्नागिरी-रायगडची कितीतरी कोकणी मुस्लिम कुटुंबे शंभर वर्षांपूर्वीच दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन वसली. आमच्या मामूंचे घराणे त्यांपैकीच. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो असता एका सकाळी ते आम्हांला सिग्नल हिल या टेकडीवर घेऊन गेले. खाली शहर, पुढे समुद्र आणि वर हजरत शेख मुहम्मद हसन गैबी शाह यांची मजार. इथे मजारीला ‘क्रामत’ म्हणतात. शब्द आपल्या ‘करामत’चाच.

फातिहा पढून बाहेर आलो, तर मामू म्हणाले, “इथं एका पाद्र्यानं आपल्या इमामसाठी उपवास केला होता.”

इमाम अब्दुल्ला हारून हे क्लेअरमाँटच्या मशिदीचे इमाम. पोटासाठी ते गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीत विक्रेते होते. त्या निमित्ताने लांगा, गुगुलेथू या काळ्या लोकांच्या वस्त्यांत जात आणि वर्णभेदाच्या कायद्यांनी पिडलेल्या घरांना गुपचूप मदत पोचवीत. 28 मे 1969 रोजी पोलिसांनी त्यांना उचलले. चार महिने एकांत कोठडीत ठेवले. 27 सप्टेंबरला ते वारले. जिन्यावरून पडले, असे पोलिसांनी सांगितले. अंगभर मात्र मारहाणीच्या खुणा होत्या, बरगडी मोडलेली होती. जनाज्याला हजारो लोक लोटले.

1971 साली बर्नार्ड रँकमोर हे गोरे अँग्लिकन पाद्री या मजारीत येऊन बसले. इमामांच्या मृत्यूची चौकशी करा, एवढीच मागणी. साठाहून अधिक दिवस ते फक्त पाण्यावर राहिले. सरकारने चौकशी केली नाही. अखेर ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाने जुना निकाल रद्द करून पोलिसांना जबाबदार धरले. तोवर 54 वर्षे उलटली होती.

उतरताना आम्ही गप्प होतो. सूरह अल-माइदाची 32वी आयत आम्ही मुलांना दरवर्षी शिकवतो. पण मागे आमच्याच तालुक्यात दुसऱ्या समाजाच्या एका पोराला जमावाने मारले, तेव्हा ‘आपला नव्हे’ म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो नव्हतो. त्याची आई आमच्या शाळेसमोरच भाजी विकते.

गावी परतल्यावर पहिल्याच जुम्म्याला आम्ही तिच्या दारात गेलो. उशीर झाला होता. तिने बसायला चटई टाकली.