रॉकस्टारची वही

मुलांची सालगिरह म्हटली की आमच्या घरात आधी वाद होतो, मग बेत ठरतो. यंदा धाकट्याने 'रॉकस्टार पार्टी' मागितली. स्वतः मात्र गाणार नाही म्हणाला. पुढे आलेल्या दातांवरून वर्गातली मुले त्याला चिडवतात.

आम्ही वही काढली. मुले किती, खर्च किती, कोणते काम कोणाकडे. गांधीबाग म्हणजे कापडाची घाऊक पेठ; चमकीचे उरलेसुरले तुकडे आणून जाकिटे घरीच शिवायची. गिटारी पुठ्ठ्याच्या. खायला तर्री-पोहे. भेटवस्तू कोणी आणू नये, म्हणजे एकाही आईबापाला उसनवारी करावी लागणार नाही. अम्मीजान म्हणाल्या, "असरनंतर सुरू करा, मगरिबच्या अजानीआधी आवरा. आणि डफ चालेल, कर्णा नको." तेही लिहून घेतले.

मग धाकट्याला फारोख बलसाराची गोष्ट सांगितली. १९४६ साली झांझिबारच्या पारशी घरात जन्मलेला हा मुलगा आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत शिकला. दातांवरून मुले त्याला 'बकी' म्हणत. तिथेच त्याने मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून डोक्यावर घेतले. दात त्याने शेवटपर्यंत तसेच ठेवले. ते बदलले तर आवाज बदलेल, ही त्याला धास्ती होती.

धाकटा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कामांच्या यादीत त्याच्या वाकड्या अक्षरात एक ओळ वाढलेली होती : 'गाणे – मी.'

यादी करायची ती यासाठीच. प्रत्येकाला आपले नाव लिहायला तिच्यात जागा सापडते.